हुद्दा बघून येणारा राग

मे महिन्यात सोलापूरचा माणूस का चिडला, असं कुणी विचारत नाही. पारा 43वर, नळाला पाणी चार दिवसांआड, तेही रात्री केव्हातरी. अशात जो चिडत नाही त्याचीच चौकशी करावी. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात डिस्पॅच बघतो. टेरी टॉवेल अंगाला मऊ लागतो, पण तो वेळेत कंटेनरमध्ये चढवायला जी भाषा लागते ती मऊ नसते. लेबल उलटं लागलं की मी ओरडायचो, जीएसएम, म्हणजे कापडाचं वजन, कमी भरलं की ओरडायचो, आणि सगळं बरोबर निघालं तर मग इतका उशीर का, म्हणून ओरडायचो. लूमच्या खडखडाटावर माझा आवाज चढतो असा लौकिक होता. शेवटी डॉक्टरांनी बीपीच्या गोळीखाली समुपदेशकाचा पत्ता लिहून दिला. बायकोनं तो कागद फ्रीजवर चिकटवला, गॅसवाल्याच्या नंबरशेजारी.

आमचं गाव मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषांत मोकळं होतं. पण पैसे देऊन मोकळं व्हायचं म्हटलं की लाजतं. सात रस्त्याजवळच्या समुपदेशकाच्या जिन्यावरून मी ‘संचार’चा अंक तोंडासमोर धरून चढलो. बाकावर दुसरा ‘संचार’ उघडा होता. तो खाली आला तेव्हा मागून आमचे सूतवाले शेठ निघाले.

“तुम्ही इकडं?”

“दात,” मी म्हणालो.

“माझीबी दाढच,” ते म्हणाले.

त्या इमारतीत दातांचा डॉक्टर नाही. खाली मोटार रिवाइंडिंगचं दुकान तेवढं आहे. (ज्यांना जिनाही चढवत नाही त्यांच्यासाठी सरकारनं ऑक्टोबर 2022पासून टेलिमानस ही हेल्पलाइन सुरू केलीय. 14416 फिरवायचा, पैसे नाहीत, मराठीत बोलता येतं. शेठना नंतर मी हा नंबर ‘दाढेसाठी’ म्हणूनच दिला.)

समुपदेशक म्हणजे माझ्या पुतणीच्या वयाची मुलगी. “बसा काका,” म्हणाली. रागाच्या वहीतली पहिली नोंद तिथंच झाली असती, पण वही तिनं नंतर दिली.

मी तिला माझं तत्त्वज्ञान सांगितलं : राग आत ठेवू नये, ओकून टाकावा, माणूस हलका होतो. तिनं शांतपणे 2002 सालचा एक प्रयोग सांगितला. ब्रॅड बुशमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं चिडवलेल्या विद्यार्थ्यांना पंचिंग बॅग बडवायला लावली, चिडवणाऱ्याला मनात आणून. बडवून झाल्यावर ती पोरं निवायच्या ऐवजी जास्तच पेटलेली निघाली. जे नुसते गप्प बसले होते ते जास्त थंड होते. म्हणजे इतकी वर्षं मी निचरा म्हणून जे करत होतो तो रियाज होता. आणि बॅग म्हणून पॅकिंगमधली पोरं.

मग तिच्या बोलण्यात मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस आले. 1955च्या सुमारास त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. ए म्हणजे घटना, सी म्हणजे आपला परिणाम, आणि मध्ये बी, म्हणजे त्या घटनेवर आपण मनातल्या मनात ठोकलेलं भाषण. भडका ए नं उडत नाही, बी नं उडतो. मला आजवर ए आणि सी एवढंच ठाऊक होतं, तेही मालकांच्या केबिनमध्ये बसवलेलं.

वहीत चार रकाने : काय झालं, मनात काय आलं, काय केलं, राग दहापैकी किती. मी प्रामाणिकपणे भरली. ‘लेबल तिरकं. मनात : हा मुद्दाम करतो. खोका आपटला. दहापैकी बारा.’ ‘चहा गार. मनात : माझी किंमतच नाही. कप परत पाठवला. आठ.’ पुढच्या खेपेला तिनं वही उलटसुलट चाळली आणि विचारलं, “यात तुमचे मालक कुठंच नाहीत. ते चांगले आहेत का?”

“कसले चांगले? उद्याची गाडी आज मागतात!”

“मग त्यांच्यावर ओरडत नाही?”

“मालकावर कसं ओरडणार?”

“म्हणजे आवरता येतो की,” ती म्हणाली आणि पुढचं पान उलटलं.

राग आला की मला भान राहत नाही, असं मी सगळीकडं सांगत आलो होतो. भान अगदी जागच्या जागी होतं. समोरच्याचा पगार विचारूनच राग वर यायचा.

परतताना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोर सिग्नल लागला. त्यांच्या वेळीही मे महिनाच होता, 1930चा. गांधीजींना अटक झाली आणि हे गाव असं चिडलं की इंग्रजांना इथं मार्शल लॉ पुकारावा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फासावर गेले. ऊन तेच, गाव तेच. त्यांचा राग थेट साम्राज्यापर्यंत चढला. माझा लेबल चिकटवणाऱ्याच्या वर कधी गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिरकं लेबल बघून मी लांब श्वास घेतला, दुप्पट वेळ लावून सोडला आणि म्हणालो, “हे जरा सरळ कर.” पॅकिंगमध्ये सुतक पडलं. दुपारी कडक भाकरी मोडताना पार्टिशनपलीकडून ऐकू आलं, “साहेब ओरडंना झालेत बे. कुणाला तरी काढूलालेत वाटतं.” संध्याकाळी सुपरवायझर रजेचा अर्ज घेऊन आला, न मागता. त्याला सांगावं लागलं की बाबा, मी बरा होऊलालोय.

वर चढायचा सराव मात्र अवघड. मालकांच्या एसीत उभं राहून, बी मध्ये ‘आता नोकरी गेली’ एवढंच भाषण चालू असताना, मी सावकाश म्हणालो, “शेठ, गाडी उद्या निघणार नाही. परवा दुपारी निघेल. उद्या पाठवली तर माल ओला जाईल.”

मालकांनी चष्मा काढला. “हे असं बोलायला कुणी शिकवलं?”

मी सांगितलं. दात म्हणालो नाही.

बराच वेळ त्यांनी कॅल्क्युलेटरशी चाळा केला. मग म्हणाले, “परवा म्हणजे परवाच. आणि त्या बाईंची फी कंपनीच्या खात्यात टाकली नाहीस ना?”