रजनीकांत कुणाचा?

सोलापुरात पडद्यावर नवा चेहरा आला की त्याचा अभिनय नंतर, आधी प्रश्न : "आडनाव काय बे याचं?" गावात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू शेजारी शेजारी नांदतात, त्यामुळे एकेका नटाला तीन-तीन वारस निघतात.

रजनीकांतचंच घ्या. पूर्व भागातल्या तेलुगू विणकराच्या लेखी तो दक्षिणेचा, म्हणजे त्याचाच. कानडी बोलणारा शेजारी आठवण करून देतो की जन्म बेंगळुरूचा, कंडक्टरकीही तिथल्याच बसमध्ये. मग मराठी माणूस चहाची बशी खाली ठेवतो, 'शिवाजीराव गायकवाड' एवढंच म्हणतो आणि खटला निकालात काढतो. ज्या तमिळ प्रेक्षकांनी त्याला मोठं केलं, त्यांना या बैठकीचं बोलावणंच नसतं.

आमचे नियमही माणूस पाहून बदलतात. शशिकला १९३२ साली सोलापुरात जन्मल्या, म्हणून सोलापूरच्या. अतुल कुलकर्णी जन्मले बेळगावात. तिथे आम्ही जन्म धरत नाही, हरीभाई देवकरण शाळा धरतो. कसोटीत भारताचं पहिलं द्विशतक १९५५ मध्ये काढणारे पॉली उम्रीगर पारशी, खेळले मुंबईकडून. पण लहानपण इथलं, तेवढ्यावर त्यांच्या २२३ धावा आम्ही गावाच्या खात्यात जमा करून टाकल्या.

'सैराट'च्या वेळी, २०१६ साली, तर तालुकेवार वाटणी झाली : नागराज मंजुळे करमाळ्याचे, रिंकू राजगुरू अकलूजची. त्या आनंदाला मात्र मी हसणार नाही. पडद्यावरची नायिका पुण्याच्या नव्हे, आपल्या घरच्या मराठीत दम देते, हे ऐकायला आमच्या जिल्ह्यानं फार वर्षं वाट पाहिली होती. फक्त एक गंमत. जिल्ह्याचा अभिमान मोठ्या आवाजात आणि "पण म्हणजे यांच्यातले नेमके कोण?" ही चौकशी कुजबुजत. ज्या चौकशीपायी सिनेमातल्या दोघांचा जीव जातो, तीच चौकशी बाहेर पार्किंगमध्ये चाललेली.

जन्माचाच नियम लावायचा तर मकबूल फिदा हुसेन पंढरपूरचे. जगभर नाव, पायात चप्पल नाही. वारकऱ्यांच्या गावाला आणखी काय हवं? पण हे नाव काढलं की मघाचे सगळे वारस एकदम घड्याळ बघू लागतात. "ते लहानपणीच इंदूरला गेले की हो," कुणीतरी सांगतं.

उम्रीगरही शाळकरी वयातच मुंबईला गेले होते.