धर्म हवा, माणूस नको

दर २१ जूनला, योगदिनी, ग्रुपवर एक फोटो फिरतो. न्यूयॉर्कचा टाइम्स स्क्वेअर, रस्त्यावर अंथरलेल्या रंगीत चटया, त्यावर हात जोडून बसलेले गोरे लोक. खाली मजकूर ठरलेला : जग आपल्या संस्कृतीपुढे नतमस्तक.

फोटो खरा आहे. मजकूर तपासायला हवा.

शाळेपासून ऐकलेली गोष्ट अशी की, १८९३ साली शिकागोत विवेकानंद बोलले आणि पश्चिमेचे डोळे उघडले. बोलले हे खरंच, आणि टाळ्याही पडल्या. पण २४ वर्षांनी, १९१७ मध्ये, त्याच अमेरिकेने कायदा करून आशियाचा मोठा पट्टा बंद केला. हिंदुस्थानातून कामधंद्यासाठी येऊन स्थायिक व्हायची वाटच संपली.

वक्ता पसंत पडला होता, शेजारी नको होता.

भगतसिंग थिंड यांचं नाव आपल्याकडे कितीजणांनी ऐकलंय? पंजाबातला हा शीख तरुण पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात होता. १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : तुम्ही गोरे नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. हेच थिंड पुढे अमेरिकेत गावोगाव अध्यात्मावर व्याख्यानं देत फिरले. सभागृहं त्यांना मिळाली, श्रोते मिळाले. नागरिकत्व मात्र १९३६ मध्ये मिळालं, तेही माजी सैनिक म्हणून.

जपान्यांचं त्याहून वाईट झालं. १९४२ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरादारातून उचलून छावण्यांत टाकलं. त्यांच्या बौद्ध संघटनेने १९४४ मध्ये छावणीत असतानाच नाव बदललं : ‘बुद्धिस्ट चर्चेस ऑफ अमेरिका’. बुद्धाला चर्चच्या नावाआड उभं राहावं लागलं.

आणि १९५९ मध्ये शुनर्यू सुझुकी सॅन फ्रान्सिस्कोतल्या जपानी मंदिरात पुजारी म्हणून आले, तेव्हा झेन शिकायला कोण येऊ लागलं? गोरी तरुण मुलं.

इतक्या थोड्या वर्षांत बदललं काय?

दोन महायुद्धं झाली होती. हिरोशिमा झालं होतं, पुढे व्हिएतनाम आलं. घरात फ्रीज होता, दारात मोटार होती आणि रविवारच्या प्रवचनात मुलांच्या प्रश्नांना उत्तर नव्हतं. भूक खरी होती. तिला हसू नये.

दुसरं कारण फाइलीतलं. १९६५ च्या कायद्याने वंशावर बेतलेला जुना कोटा गेला आणि आशियातून येणाऱ्यांना राहायची सोय झाली. त्याच वर्षी ६९ वर्षांचे प्रभुपाद मालवाहू जहाजातून अमेरिकेत उतरले होते. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं इस्कॉन उभं राहिलं. हजार प्रवचनांनी जे झालं नाही, ते एका व्हिसाने झालं.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि ते आपल्या पुण्यातलं आहे.

१९५२ साली व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन मुंबईत आले होते. अंग दुखत होतं, थकवा जात नव्हता. पुण्याहून आलेल्या बी. के. एस. अय्यंगारांना त्यांनी पाच मिनिटं दिली. अय्यंगारांनी त्यांना आडवं केलं, शवासनात नेलं आणि मेन्युहिनना चक्क झोप लागली. दोन वर्षांनी त्यांनी अय्यंगारांना स्वित्झर्लंडला बोलावलं आणि एक घड्याळ भेट दिलं. त्यावर कोरलं होतं की हे माझे व्हायोलिनचे सर्वोत्तम शिक्षक.

व्हायोलिनचे! मोक्षाचा त्यात शब्द नाही.

जे सुटं करता येतं, तेच दूर जातं. आसन जातं, श्वास जातो, जात-गोत मागे राहतं. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या रुग्णालयात जुनाट दुखण्याने हैराण रुग्णांना ध्यान शिकवलं, तेव्हा बुद्धाचं नाव बाजूला ठेवलं. रुग्णांना आराम पडला. यात चोरी कसली? दुखणाऱ्याला औषध मिळालं, चांगलंच झालं.

पण मग ‘जग नतमस्तक’ कुठून आलं?

आणि आता आपलं बघू. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी बौद्ध धम्म स्वीकारला. बाबासाहेबांनी त्यांना २२ प्रतिज्ञा दिल्या. माणसामाणसांतली समानता हा त्यांचा कणा होता. ही माणसं माणूस म्हणून उभं राहायला आली होती. पूर्वेचा धर्म इतका लोकप्रिय झाल्याचं दुसरं उदाहरण त्या शतकात शोधून दाखवा!

आपल्या अभिमानाच्या यादीत ते येतं का? कॅलिफोर्नियातला गोरा ‘नमो बुद्धाय’ म्हणाला की ऊर भरून येतो. आपल्याच सोसायटीत कुणी ‘जय भीम’ म्हटलं की लिफ्टमध्ये शांतता पसरते. घर भाड्याने देताना आडनाव विचारलं जातं, ते आजही.

अमेरिकेने १९२३ मध्ये जे न्यायालयात केलं, ते आपण जिन्यावर करतो.

नागपूरच्या दीक्षाभूमीवर दर अशोक विजयादशमीला लाखो लोक येतात. ना चटया, ना प्रायोजक. यंदा तिथलाही एक फोटो पाठवा, त्याच ग्रुपवर.