चुगलीचा एस

(गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाव तालुक्यातलं एक गाव. मंडईची जत्रा होऊन गेली, धान अजून बांधीत आहे. ओसरीत तिघं. मास्तर मूळचे सांगलीकडचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, आता भरतीच्या पोरांना इंग्रजी शिकवतात. परीक्षार्थी बी.ए. झालेली, तिला तलाठी व्हायचंय. तिची आजी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळते आहे. आजी शिकायला बसलेली नाही, पण तिच्या कानांना कोणी ते सांगितलेलं नाही.)

परीक्षार्थी : येतो सर?

मास्तर : येते का, म्हण. मुलगी ना तू?

परीक्षार्थी : हो न सर. म्हणूनच विचारून राहिली. येतो?

मास्तर : ये. अगं, हा जिल्हा 1 मे 1999 ला झाला. मी त्याच्याही आधी आलो, भंडारा जिल्हा म्हणून. तेव्हापासून प्रत्येक मुलीला सांगतोय, मी येते, मी जाते. एकही 'येते' म्हणून वर्गात आली नाही.

आजी : पन आल्या न?

मास्तर : आल्या.

आजी : मंग झालं.

मास्तर : वही काढ. दहा वाक्यं दिली होती. वाच.

परीक्षार्थी : पहिलं. माय ग्रँडमदर रोल बिडीज.

मास्तर : रोल्स! एस कुठाय?

परीक्षार्थी : लावला न सर. बिडीले लावला.

मास्तर : बिडीचा एस वेगळा, रोलचा वेगळा. नामाला एस लागला की अनेकवचन. क्रियापदाला लागला की एकवचन.

आजी : एकच अक्षर, अन् हिकडं लावलं का गर्दी, तिकडं लावलं का एकटं?

मास्तर : आजी, नियम आहे तो.

आजी : मी कोठं नाई म्हंते. कारखान्यातबी असेच नियम राह्यतात.

परीक्षार्थी : सर, आमच्या वेळी पहिलीपासूनच इंग्रजी होतं. 2000 साली सुरू झालं न पहिलीपासून? पहिली ते बी.ए. शिकलो. एवढ्या वर्षांत 'टायगर' आला, 'एलिफंट' आला, एस काही जिभेले चिकटला नाही.

मास्तर : चिकटवावा लागेल. 2023 ची तलाठी भरती आठव. 100 प्रश्न, 200 मार्क, त्यात इंग्रजीचे 25 प्रश्न. एका एसला दोन मार्क. एका मार्कात किती पोरं उभी असतात माहितेय?

परीक्षार्थी : माहीत आहे न सर. त्यातच उभी होती मी.

मास्तर : (आवाज खाली आणून) बरं. नीट ऐक. आय आणि यू, यांना एस नाही. ही, शी, इट, यांना एस. आय रोल, यू रोल, शी रोल्स. म्हणजे तृतीय पुरुष, एकवचन, साधा वर्तमानकाळ.

आजी : हा तिसरा पुरुष कोन?

मास्तर : बोलतो तो पहिला. ज्याच्याशी बोलतो तो दुसरा. ज्याच्याविषयी बोलतो तो तिसरा. म्हणजे बहुधा समोर नसलेला.

आजी : चुगली.

मास्तर : काय?

आजी : समोर नाई अन् त्याच्याविषयी बोलनं, त्याले आमच्यात चुगली म्हंतात. म्हंजे तुमचा तो एस चुगलीचा. तोंडावर बोलाचं तं नाई लावाचा, पाठीमागं बोलाचं तं लावाचा.

परीक्षार्थी : (वहीत लिहीत) चुगलीचा एस...

मास्तर : हे काय लिहितेस! व्याकरणात असं काही नसतं. आणि आजी, 'दे'सुद्धा समोर नसतात. त्यांना कुठे एस लागतो? दे रोल.

आजी : साऱ्या गावाची चुगली कोन करते, मास्तर? चुगली एकाचीच राह्यते.

(मास्तर चष्मा काढून पुसतात. सांगलीकडचा माणूस निरुत्तर झाला की चष्मा पुसतो. गोंदियाचा पान मागवतो. चष्मा निदान फुकट पुसता येतो.)

मास्तर : दुसरं वाक्य.

परीक्षार्थी : सर आर कम फ्रॉम सांगली.

मास्तर : यात दोन चुका आहेत. आधी सांग, 'आर' कशाला? मी एक आहे की अनेक?

परीक्षार्थी : एकच आहात. पण 'सर आहे' कसं म्हणू? सर आहेत. आहेत म्हणजे आर.

मास्तर : इंग्रजीत आदरार्थी बहुवचन नाही. सर इज.

परीक्षार्थी : तोंडातून निघत नाही सर.

आजी : नाईच निघाचं. मास्तरले एकेरी म्हनाले शिकवलं नाई आमी.

मास्तर : (क्षणभर खूश, मग भानावर) नाही, नाही. सर इज. माय फादर इज. कलेक्टर इज. इंग्रजीत सगळे इज.

आजी : मोठ्या मानसाले मानच नाई?

मास्तर : होता, आजी. फार पूर्वी इंग्रजीत 'दाऊ' होतं, आपलं 'तू'. आणि 'यू' होतं, 'तुम्ही'. पुढे इंग्रज सगळ्यांनाच यू, यू करू लागले आणि दाऊ मागे पडलं. म्हणून समोर एकटा असला तरी यू आर. ते क्रियापद मूळचं बहुवचनाचंच आहे.

आजी : कुत्र्यालेबी?

मास्तर : कुत्र्यालाही यू आर.

आजी : म्हंजे कुत्र्याले अहो, अन् मास्तरले इज.

परीक्षार्थी : नाही आजी. सरांच्या तोंडावर यू आर. पाठीमागं इज.

आजी : हेच तं मी सांगून राहिली मघापासून!

मास्तर : आणि दुसरी चूक, कमसोबत इज-आर काहीच नको. सर कम्स फ्रॉम सांगली. पुढे चल. गो या क्रियापदाची रूपं सांग. आधी मराठीत सांग, मग इंग्रजीत. मराठीत तरी तुमची कर्त्याशी जुळणी होते का पाहू.

परीक्षार्थी : मी जातो. आय गो.

मास्तर : मी जाते!

परीक्षार्थी : सर, एक विचारू? माणूस म्हणते आय गो. बाई का म्हणते?

मास्तर : आय गो.

परीक्षार्थी : एकच?

मास्तर : एकच. इंग्रजी क्रियापदाला लिंग नसतं.

परीक्षार्थी : आमच्याकडं माणूस म्हणते मी जातो. बाई म्हणते मी जातो. म्हणजे सर, या जागी इंग्लंड अन् गोंदियाचं जुळते. सांगलीचंच वेगळं आहे.

(चष्मा.)

मास्तर : अगं, भाषेला काही प्रमाण असतं. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं...

परीक्षार्थी : कुठं सर?

मास्तर : मुंबईला.

परीक्षार्थी : आमच्याकडं आले होते का ते, विचाराले?

मास्तर : तेव्हा गोंदियाला रेल्वे तरी होती का?

आजी : रेल्वे नसन, पन बाया होत्या न.

मास्तर : (वही ओढून घेत) दाखव इकडे. बाकीची वाक्यं मीच बघतो. शी रोल, चूक. ही ड्राइव्ह, चूक. इट रेन, चूक. माय ब्रदर इज कटिंग पॅडी... बरोबर. द बर्ड्स आर ईटिंग ग्रेन... बरोबर. आय अ‍ॅम रायटिंग... बरोबर. हे कुणी सांगितलं?

परीक्षार्थी : कोणीच नाही. ते येतेच.

मास्तर : येते म्हणजे? एस येत नाही, आणि अ‍ॅम, इज, आर येतं?

परीक्षार्थी : मी लिहून राहिली. तो कापून राहिला. ते खाऊन राहिले. 'लिहून' जागचं हलत नाही सर, 'राहिली-राहिला'च फिरते. तसंच 'रायटिंग' जागचं हलत नाही, अ‍ॅम-इज-आर फिरते.

(मास्तर वहीकडे पाहत राहतात. 'करून राहिली', 'येऊन राहिला' यावर त्यांनी आजवर किती लाल पेन झिजवले, याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर चालू आहे. हे हिंदीच्या सावलीतलं मराठी, शुद्ध 'लिहितेय' म्हणा, असं ते सांगत आले. पण 'लिहितेय' हा एक ठोकळा आहे, आणि 'लिहून राहिली'चे दोन तुकडे इंग्रजीच्या दोन तुकड्यांवर कसे अगदी मापाने बसतात, हे त्यांना या ओसरीत दिसतं आहे. माणसाने अशा वेळी काय करावं? मास्तर प्रामाणिक आहेत. ते खोकतात.)

मास्तर : हं. हे... उपयोगी आहे. पण परीक्षेत मराठीच्या पंचवीस प्रश्नांत 'लिहून राहिली' लिहू नकोस.

परीक्षार्थी : तेवढं समजते सर. परीक्षेची मराठी वेगळी राहते.

मास्तर : आणि आता सांगतोच आहे तर हेही सांगतो. इंग्लंडच्या पूर्वेला नॉर्फोक म्हणून भाग आहे. तिथले जुने लोक ही गो, शी गो असंच बोलतात. एस न लावता.

परीक्षार्थी : मग माझी चूक नाही!

मास्तर : नॉर्फोकमध्ये तलाठी झालीस तर नाही.

आजी : तेथं धान होते का?

मास्तर : नाही.

आजी : मंग नको. येथंच राहू दे.

मास्तर : आता अवघड भाग. परीक्षेत फसवतात तो. वन ऑफ द राइस मिल्स इन गोंदिया... इज क्लोज्ड की आर क्लोज्ड?

परीक्षार्थी : मिल्स. आर.

मास्तर : फसलीस. कर्ता मिल्स नाही, कर्ता 'वन'. ऑफपासून पुढचं सगळं नुसतं सोबत आलेलं. वन ऑफ द एट तालुकाज इज, आर नव्हे.

आजी : वरात केवढीबी असो, नवरदेव एकच. हळद कोनाले लागली ते पाहाव.

मास्तर : (थक्क होऊन) आजी, हे मी तीस वर्षं फळ्यावर खडूने शिकवत आलो.

आजी : लगनात शिकवलं असतं तं एका दिवसात झालं असतं.

मास्तर : मग हे बघा. (सुपाशेजारचा बांधलेला कट्टा उचलून) अ बंडल ऑफ बिडीज. बिड्या पुष्कळ. पण नवरदेव कोण?

परीक्षार्थी : कट्टा. बंडल. म्हणून इज.

मास्तर : (आनंदात कट्टा हवेत हलवत) इज! आता सारस. महाराष्ट्रातले बहुतेक सारस आपल्याच जिल्ह्यात, तेव्हा वाक्य यायलाच हवं. एक सारस बांधीत उभा आहे.

परीक्षार्थी : वन सारू...

मास्तर : सारू?

परीक्षार्थी : एकच आहे न सर, म्हणून एस काढला.

मास्तर : अगं, तो एस पक्ष्याचा स्वतःचा आहे! तो नको उपटू!

आजी : नाई तरी सारस एकटा कोठं राह्यते? जोडीनंच राह्यते. तुमचं वाक्यच चुकलं.

मास्तर : (कट्टा खिशाशी नेत, चष्मा पुसायला दोन्ही हात मोकळे करत) सारस राहू दे. पैसे घेऊ. या खरिपात साध्या धानाचा हमीभाव किती?

आजी : 2369 रुपये. क्विंटलले.

मास्तर : म्हणजे 2025-26 चा. बरोबर. आता टू थाउजंड थ्री हंड्रेड सिक्स्टी-नाइन रुपीज... इज की आर?

परीक्षार्थी : एवढे रुपये आहेत. आर.

मास्तर : इज. पैशाची एकूण रक्कम ही एकच गोष्ट धरतात. अंतर, वजन, काळ, यांचंही तसंच. ट्वेंटी क्विंटल्स इज इनफ.

आजी : एवढ्या रुपयांले इज?

मास्तर : हो.

आजी : हातात येतवरी तेवढेच राह्यतात म्हना. बारदाना, हमाली, गाडीभाडं गेलं का खरंच इज उरते.

परीक्षार्थी : सर, हे मात्र लक्षात राहीन.

मास्तर : राहील.

परीक्षार्थी : तेच म्हटलं. राहीन.

(बाहेर सायकलची घंटी. संध्याकाळ होते आहे.)

आजी : ठेकेदार मोजाले येईन आता. पोट्टी, कट्टे मोज बरं.

परीक्षार्थी : (मोजते, पुन्हा मोजते) आजी, एक कमी आहे.

मास्तर : थांब! वाक्य कर. आत्ताच्या आत्ता. अ बंडल ऑफ बिडीज...

परीक्षार्थी : ...इज मिसिंग.

मास्तर : शाब्बास! पाहिलंत? न अडखळता आलं!

आजी : मिसिंग म्हंजे?

परीक्षार्थी : हरवला.

आजी : हरवला कोठं? दिसून राहिला मले. पोट्टी, एखाद्याजवळ आहे असं म्हनाचं राहिलं तं का म्हंतात?

परीक्षार्थी : हॅव. अन् तिसऱ्या पुरुषाले हॅज. तोही एसच आहे.

आजी : तिसरा काऊन? मानूस समोर बसून आहे. मी काई चुगली करत नाई. (सूप बाजूला ठेवून) मास्तर, यू हॅव कट्टा.

(मास्तर सावकाश खिशात हात घालतात.)

परीक्षार्थी : 'अ' राहिला आजी. यू हॅव अ कट्टा.

मास्तर : (कट्टा सुपात परत ठेवत) आर्टिकल उद्या घेऊ.