न जेवण्याचा खर्च

जेवायला पैसे मोजण्यात आमच्या घराण्यात कुणी कधी कुचराई केली नाही. न जेवायला पैसे मोजणारा पहिला पुरुष मी.

2025 च्या मार्चमध्ये मौंजारो नावाचं भूक मारणारं इंजेक्शन भारतात आलं आणि डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे बघत ते चिठ्ठीवर उतरवलं. आठवड्याला एक टोचणी. तेव्हा अडीच मिलिग्रॅमची कुपी होती 3,500 रुपये, पाचची 4,375. आत औषध जेमतेम अर्धा मिलिलिटर! मेडिक्लेमच्या बाई फोनवर इतक्या गोड आवाजात ‘नाही’ म्हणाल्या की मीच त्यांचे आभार मानले.

“अगं, जेवणातून वसूल होतील,” मी हिला म्हटलं. रोजच्या दोन पोळ्या वाचवून महिन्याचे साडेसतरा हजार कसे उभे राहतात, ते हिने वहीत मांडलं आणि वही माझ्यासमोर ठेवून आत गेली. वर ढगळ झालेल्या पँटी आत घ्यायचे पैसे शिंप्याने वेगळे लावले.

मे महिना उजाडला. या औषधाने पोट सावकाश रिकामं होतं, त्यामुळे दुपारची आमरसाची वाटी रात्रीपर्यंत मुक्कामाला. चार-पाच डझन हापूसचे पैसे मी दर आठवड्याला देत होतो, ते हापूस नकोसा वाटावा म्हणून.

अशात फ्रिज बंद पडला. दुरुस्तीचे पैसे कुप्यांत गेलेले. कुपी ठेवायची 2 ते 8 अंशांत. बाहेर 30 अंशांपर्यंत 21 दिवस चालते म्हणे, पण पुण्यातला मे 30 वर थांबतो थोडाच? खोकी डब्यात घालून समोरच्या बिऱ्हाडी गेलो. समोर राहतात सोसायटीचे सेक्रेटरी. लिफ्टच्या दुरुस्तीची वर्गणी हप्त्याने देऊ का, असं मी त्यांना नुकतंच विचारलं होतं. ओढाताण आहे म्हणून.

त्यांनी चष्मा चढवून खोक्यावरची एमआरपी वाचली.

“महिन्याचे?”

“आठवड्याचे.”

“याने होतं काय?”

“वजन उतरतं.”

खोकी त्यांनी कोथिंबिरीच्या जुडीमागे नीट लावली, फ्रिजचं दार बंद केलं.

“हप्ते रद्द. वर्गणी एकरकमी भरा. आणि लिफ्ट सुरू झाली तरी तुम्ही चार मजले जिन्यानेच या.”