जागतिक पेटंट नावाचे मृगजळ

'जागतिक पेटंट मिळाले' अशी बातमी अधूनमधून छापून येते आणि सत्कारही होतात. अडचण एवढीच, की असे पेटंट अस्तित्वातच नाही. पेटंट, म्हणजे शोध उघड करण्याच्या मोबदल्यात शासनाने दिलेली ठरावीक मुदतीची मक्तेदारी, देशाच्या वेशीपाशीच संपते. 1883 च्या पॅरिस कराराने 'अग्रक्रम' दिला, म्हणजे पहिल्या अर्जाची तारीख आता 12 महिने इतर सदस्य देशांतही ग्राह्य धरली जाते. 1970 च्या पेटंट सहकार्य कराराने, ज्यात भारत 1998 मध्ये सामील झाला, एकाच अर्जाने दीडशेहून अधिक देशांची दारे ठोठावण्याची सोय केली. दार मात्र प्रत्येक देश आपल्या मर्जीने उघडतो, आणि तेही साधारणपणे 30 महिन्यांच्या आत (भारतात 31) स्वतंत्र शुल्क, स्थानिक वकील आणि गरजेनुसार जपानी वा कोरियन भाषांतर घेऊन येणाऱ्यालाच. परिणामी डब्याच्या झाकणाची बिजागरी सुधारणाऱ्याचे कागद जग फिरून येतात, बिजागरी मात्र कार्यशाळेतच राहते. शिवाय अर्ज 18 महिन्यांनी प्रसिद्ध होत असल्याने, जिथले शुल्क परवडले नाही तिथल्या कारखानदारांना ती कायदेशीरपणे फुकट बनवता येते. चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला लागतो हे खरे. इथे रस्साही शेजारीच ओरपतो.