दोष मशीनचा, शिक्षा खिशाला

नवी मुंबई विमानतळाला खेटून असलेल्या उलव्यात एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात विंडोज ७चा संगणक अजून तग धरून असेल, तर नवं सॉफ्टवेअर बसवताना ‘घटकाची नोंदणी फसली’ असा संदेश उमटला की निकाल ठरलेला: मशीन म्हातारं झालं, नवं घ्या. पुरावा मात्र वेगळं सांगतो. त्या संदेशासोबत येणाऱ्या ‘०एक्स८००७०००५’ या भीतिदायक आकड्याचा अर्थ एवढाच, की परवानगी नाही. ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडून पुन्हा बसवलं, की अनेकदा काम होतं. संदेशात ‘मॉड्यूल सापडत नाही’ म्हटलं, तर बहुधा समोरची डीएलएल, म्हणजे नोंदवायची घटक-फाइल, जागेवरच असते. ती ज्या दुसऱ्या फाइलवर विसंबते, ती गायब असते. त्यात ६४-बिट विंडोजमध्ये ६४-बिट फाइली ‘सिस्टम३२’मध्ये आणि ३२-बिट फाइली ‘सिसवाऊ६४’मध्ये! पत्त्यांचा एवढा घोळ सिडकोच्या सेक्टरांतही सापडायचा नाही.

कुणी म्हणेल, विंडोज ७चा सपोर्ट १४ जानेवारी २०२०लाच संपला, सुरक्षेचं काय? रास्त आहे. बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत, आणि काही नवी सॉफ्टवेअरं त्यावर मुळात चालतच नाहीत. पण मग तसं स्पष्ट सांगावं; फसलेल्या नोंदणीचं खापर वयावर फोडणं म्हणजे निदान नव्हे, विक्री आहे. तेव्हा नव्या मशीनचं कोटेशन मागवण्याआधी एररचा आकडा नीट वाचा. वाचायला जीएसटी लागत नाही.