गाइड न लिहिता टेक्निकल रायटर कसं व्हावं?

अभिनंदन, नोकरी लागली! परवा रिलीज आहे आणि इन्स्टॉलेशन गाइडचं पान कोरंच आहे. घाबरू नका. आधी संदर्भ जमवा. लिहिण्याचं नंतर बघू.

१. ब्राउझरमध्ये 'नंतर वाचू' नावाचा फोल्डर उघडा. तुमची पुढची कारकीर्द त्यातच जाणार आहे.

२. गूगलची डेव्हलपरांसाठीची स्टाइल गाइड त्यात टाका. २०१७ पासून ती सगळ्यांना खुली आहे. सूचना देताना 'प्लीज' नको, 'अगदी सोपं आहे' असं वाचकाला ऐकवू नका, असलं बरंच शहाणपण तिच्यात आहे. वाचत बसू नका. मायक्रोसॉफ्टचीही गाइड जमवा आणि दोघींचं कुठे पटत नाही यावर मीटिंग लावा. एका स्वल्पविरामावर अख्खी दुपार निघते.

३. गूगलचा टेक्निकल रायटिंगचा मोफत कोर्स सुरू करा आणि लगेच लिंक्डइनवर जाहीर करा. पुरा केलात का, हे विचारायला कोणी येत नाही.

४. आता डायाटॅक्सिस. डॅनिएले प्रोचिदा यांच्या या मांडणीत डॉक्युमेंटेशनचे चार प्रकार आहेत: ट्युटोरियल, हाउ-टू, रेफरन्स आणि एक्सप्लनेशन. त्या नावांचे चार फोल्डर करून मॅनेजरला दाखवा. रिकामे असले की फारच नीटनेटके दिसतात.

५. तरीही कोणी पान मागितलंच, तर टूल बदला. वर्डमधून डिटामध्ये जा, तिथून मार्कडाउनमध्ये या. 'मायग्रेशन चालू आहे' म्हटलं की भले भले गप्प बसतात.

६. सॉफ्टवेअर स्वतः इन्स्टॉल करायच्या फंदात मात्र पडू नका. तिसऱ्याच पायरीला 'परमिशन डिनाइड' येईल. शेजारच्या डेव्हलपरला विचारावं लागेल. तो हेडफोन काढून म्हणेल, "अरे, अ‍ॅडमिन म्हणून चालव ना!" तेवढं एक वाक्य लिहिलंत की गाइड उपयोगी पडू लागेल आणि इतक्या कष्टानं जमवलेला फोल्डर वाया जाईल. वाईट वाटतं हो अशा वेळी.

७. रिलीजच्या रात्री मागच्या व्हर्जनची गाइड कॉपी करा आणि फक्त आकडा बदला. स्क्रीनशॉट जुनेच राहू द्या. त्यातलं निळं बटण आता कुठे गेलं, असं ग्राहकानं विचारलंच, तर त्याला एखादी लिंक पाठवा. लिंकांना तुमच्याकडे तोटा नाही.